अंगठ्यानं कुणाचंच ऐकायचं नसतं

पत्राचा गोषवारा: बेळगावच्या वडगावात राहणारे आणि उद्यमबागेत लेथवर काम करणारे एक वाचक, वय ४३. लॉकडाऊनमध्ये सहा हजारांची गिटार घेतली आणि सिनेमातली गाणी कॉर्डवर वाजवायला लागले. मग एका रात्री मोबाइलवर रॅगटाइम ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या वादकांचं बोटांनी वाजवायचं जुनं गिटारवादन ऐकलं आणि ‘एकाच गिटारीवर दोन माणसं बसल्यागत’ वाटलं. दीड वर्ष झालं, तेच शिकण्याची धडपड चालू आहे. पाच रचना सुरू केल्या, पाचही आठ-दहा मात्रांनंतर कोसळतात. उजव्या हाताच्या अनामिकेचं टोक काही वर्षांपूर्वी प्रेसमध्ये गेलं. एका क्लासमध्ये सांगितलं, की या बोटाविना फिंगरस्टाइल, म्हणजे बोटांनी तारा छेडून वाजवणं, व्हायची नाही, आणि तसंही आधी ग्रेडच्या परीक्षा द्या. वडील भजनी मंडळात पखवाज वाजवतात, त्यांच्या लेखी हे ‘इंग्रजी टिंगटिंग’ आहे. भिंतीपलीकडं यंत्रमागांची खटखट. विचारतात: चाळीस हजारांची चांगली गिटार घ्यावी का? दर रविवारी गोव्याला शिकायला जावं का? की हे आपलं नव्हेच म्हणून सोडून द्यावं?

नमस्कार.

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण खरा प्रश्न पत्राच्या मधल्या एका ओळीत आहे आणि त्यापुढं तुम्ही प्रश्नचिन्हसुद्धा टाकलेलं नाही. ‘माझा अंगठा आणि बोटं एकमेकांचं ऐकतच नाहीत,’ असं तुम्ही लिहिलंय. मला वाटतं घोळ नेमका उलटा आहे. तुमचा अंगठा बोटांचं नको तितकं ऐकतोय.

तुमच्याच कामातलं बघू. लेथवर जॉब धरून चक फिरत असतो, टूल आत-बाहेर होतं. टूलनं कट घेतला म्हणून चकनं दचकून वेग बदलला तर जॉब वाया जातो. या वादनात अंगठा म्हणजे चक. मंद्र, म्हणजे जाड तारांवर तो एक-दोन-तीन-चार असा फिरत राहतो. वरच्या तारांवर तर्जनी आणि मध्यमा कधी त्याच्याबरोबर पडतात, कधी दोन आघातांच्या मधल्या फटीत. गंमत सगळी त्या फटीतल्या सुरांची, पण अंगठा हलला की फटच उरत नाही. तुमची रचना आठव्या मात्रेला कोसळते, कारण तिथं बोटांना काहीतरी अवघड करायचं असतं आणि अंगठा त्यांच्या मदतीला धावतो.

हे शहाणपण माझं जन्मजात नाही. मी मूळचा निपाणीचा. पंचवीसेक वर्षांपूर्वी पुण्याच्या मामेभावानं आणलेल्या टॅबच्या, म्हणजे गिटारीच्या आकडे-लिपीच्या झेरॉक्सवरून हे वादन शिकायला बसलो आणि पहिल्याच दिवशी ब्लाइंड ब्लेक या जुन्या रॅगटाइम वादकाची रचना काढली. म्हणजे पोहायला शिकायचं म्हणून भर पावसात कृष्णेत उडी. ब्लेकनं १९२६ ते १९३२ या काळात ध्वनिमुद्रणं केली. त्याचा अंगठा नुसता एकाआड एक तारा छेडत नाही, दोन मंद्र तारांवरून एका झटक्यात घसरतो, त्यामुळं ठेका अडखळल्यासारखा वाटून पुन्हा सावरतो. अंगठा सरळ चालायला शिकण्याआधीच मी तो अडखळवायला बघत होतो. दोन वर्षं गेली. आजही मला तीनच रचना लोकांसमोर वाजवता येतात, त्यात ब्लेकची एकही नाही. तुमच्या पाचांच्या यादीत त्याच्या दोन आहेत. त्या आज कपाटात ठेवा.

आता बोटाचं. क्लासवाल्यांनी सांगितलं ते शास्त्रीय गिटारीच्या हिशोबानं बरोबर असेल, तिथं अंगठ्यासह चार बोटं लागतात. या वादनाचा हिशोब वेगळा आहे. रेव्हरंड गॅरी डेव्हिस, जन्म १८९६, दक्षिण कॅरोलायना. तान्हेपणीच दृष्टी गेली. या शैलीतलं सर्वांत गुंतागुंतीचं वादन कुणाचं, असं विचारलं तर जाणकार बहुधा त्याचंच नाव घेतात. उजव्या हाताची त्याची बोटं कोणती? अंगठा आणि तर्जनी, बास. मिसिसिपी जॉन हर्ट मध्यमाही वापरायचा. अनामिका कामाला लावायची या मंडळींना गरजच पडली नाही. तुमच्याकडं अंगठा, तर्जनी, मध्यमा शाबूत आहेत, म्हणजे डेव्हिसपेक्षा एक बोट जास्तच. हे मी धीर द्यायला म्हणत नाही. टॅबमध्ये अनामिकेची खूण दिसली की तो सूर बिनदिक्कत मध्यमेवर घ्या.

ग्रेडच्या परीक्षांना मी नावं ठेवणार नाही, स्टाफ नोटेशन वाचता आलं तर चांगलंच. पण त्या तुमच्या वाटेवरचा टोलनाका नाहीत. डेव्हिसकडं न्यूयॉर्कमध्ये कितीतरी पोरं शिकायला जात. त्यांतल्याच स्टीफन ग्रॉसमन यानं पुढं या वादनाचे धडे टॅबमध्ये उतरवून जगभर पोचवले. टॅब म्हणजे सहा रेघा आणि त्यावर आकडे, इंग्रजी येवो न येवो. जॉब ड्रॉइंग वाचणाऱ्या माणसाला टॅब अर्ध्या तासात कळतं.

तर सुरुवात. नवी रचना नको, सी कॉर्ड धरा. करंगळीशेजारचं बोट पाचव्या तारेवर तिसऱ्या पट्टीत, मध्यमा चौथीवर दुसऱ्या पट्टीत, तर्जनी दुसऱ्या तारेवर पहिल्या पट्टीत. उजव्या तळव्याची कड ब्रिजवर, म्हणजे तारा जिथं अडकवलेल्या असतात तिथं, अगदी हलकी टेकवा, म्हणजे मंद्र तारांचा आवाज घुमत न राहता ‘ठप्’ असा येईल. आता नुसता अंगठा: पाचवी तार, चौथी तार, पाचवी, चौथी. मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं यंत्र, मिनिटाला ६० वर, एका टोल्याला एक आघात. वरच्या तारांना हातसुद्धा लावायचा नाही. कंटाळा येईल, येऊ दे.

पाचेक दिवसांनी परीक्षा घ्या. अंगठा चालू ठेवून तेराचा पाढा म्हणा. तो जमला की बायकोशी बोला, भाजी काय आणायची ते विचारा आणि तिच्या उत्तराला उत्तर द्या. अंगठा न डगमगता तुम्ही वाक्य पुरं करू शकलात तर समजा चक फिरायला लागला. वाक्याच्या मध्येच अंगठा थांबला, किंवा वाक्यच अंगठ्याच्या ठेक्यावर तुटक-तुटक यायला लागलं, तर अजून आठ दिवस. ही परीक्षा पुस्तकी नाही, पण हिच्याइतकी खरी दुसरी मला सापडलेली नाही.

मग बोट जोडा. आधी एकच सूर, दुसऱ्या तारेवरचा, अंगठ्याच्या पहिल्या आघाताबरोबर चिमटा घेतल्यासारखा. तो बसला की तोच सूर पहिल्या आणि दुसऱ्या आघाताच्या बरोबर मध्ये. इथं अंगठा नक्की पळेल, सगळ्यांचा पळतो. पळाला की बोट काढून घ्या, चार फेऱ्या रिकाम्या जाऊ द्या, पुन्हा जोडा. महिनाभरात तुमच्याकडं एका कॉर्डवरची चार-पाच वळणं तयार होतील. आता या संगीतातली हमरस्त्यासारखी चाल घ्या: सी, ए-सेव्हन, डी-सेव्हन, जी-सेव्हन आणि परत सी. प्रत्येकावर अंगठ्याचे आठ आघात. ए-सेव्हनला पाचवी-चौथी, डी-सेव्हनला चौथी-तिसरी, जी-सेव्हनला सहावी-चौथी. ए-सेव्हनवर गाडी घरापासून एकदम लांब जाते आणि मग प्रत्येक कॉर्ड पुढच्याकडं ढकलत घराकडं आणते. शेकडो रॅगटाइम रचना या एका वळशावर उभ्या आहेत. तो हातात बसला की तुमच्या पाचांतल्या निदान दोन रचना ओळखीच्या वाटायला लागतील.

ऐकायचं कुणाला? हर्टला. त्यानं १९२८ मध्ये थोडी ध्वनिमुद्रणं केली, मग पस्तीस वर्षं गावाकडं शेतावर राबला. १९६३ मध्ये शोधत आलेल्या लोकांना सापडला तेव्हाही अंगठा तसाच, घड्याळासारखा. आणि एलिझाबेथ कॉटन. ही बाई डावखुरी. उजव्या हाताची गिटार तारा न बदलता सरळ उलटी धरायची, त्यामुळं मंद्र तारा बोटांकडं आणि चाल अंगठ्याकडं, म्हणजे सगळंच उफराटं. लहानपणी वाजवायची, मग संसारात गिटार सुटली ती कित्येक वर्षं. पुढं एका संगीतकार कुटुंबात घरकामाला असताना तिनं तिथली गिटार भिंतीवरून काढून वाजवली. पहिला अल्बम १९५८ मध्ये, साठी ओलांडल्यावर. ग्रॅमी मिळालं ते नव्वदीच्या आसपास. तुमच्या ‘आता या वयात’ या वाक्याला मी वेगळं उत्तर देत नाही.

वेळेचं एक. तुम्ही रविवारी तीन तास बसता आणि आठवडाभर गिटार पिशवीत. उलटं करा. पहिल्या शिफ्टला निघण्याआधी वीस मिनिटं, रोज. अंगठ्याला रविवारचं शनिवारपर्यंत आठवत नाही.

आणि मागांची तक्रार. वडगावात राहून मागांची तक्रार करायची म्हणजे महाद्वार रोडवर राहून गर्दीची. पण थट्टा बाजूला ठेवू. भिंतीपलीकडं एकच माग चालू असेल तेव्हा त्याच्या ठोक्यावर अंगठा लावून बघा, दोन ठोक्यांना एक आघात असा. तो तुमच्यासाठी हळू होत नाही आणि चुकलात तरी थांबत नाही. दोन माग चालू झाले की मात्र नाद सोडा, दोघांचे ठोके एकमेकांवरून सरकत जातात आणि डोकं भंजाळतं.

गिटारीवर आता थोडा वेळ थांबतो, कारण इथं तुमचे चाळीस हजार वाचण्यासारखे आहेत. ‘सहा हजारांची आहे म्हणून तारा दाबायला जड जातात,’ असं लिहिलंय. जड जातात कारण तारा उंच आहेत, आणि उंची हे मोजायचं काम आहे. त्यात तुमचा हात कोण धरणार? आधी गिटारीची मान बघा. सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या पट्टीवर एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या पट्टीच्या डोक्यावर तारेखाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायचं पातळ पातं, घाला. पाव मिलिमीटरच्या आसपास फट असेल तर मान ठीक. मग हात सोडून बाराव्या पट्टीवर मोजा, पट्टीच्या माथ्यापासून तारेच्या बुडापर्यंत. सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटर आणि पहिलीखाली दोन मिलिमीटरच्या आसपास असलं की हात सुखात राहतो. तुमच्याकडं साडेतीन निघेल असा माझा अंदाज आहे.

ते कमी करायचं तर ब्रिजवरची ती पांढरी पट्टी, सॅडल, बाहेर काढायची. तारा सैल केल्यावर ती बहुधा हातानं निघते. जितकं बाराव्या पट्टीवर कमी हवंय त्याच्या दुप्पट सॅडलच्या बुडातून काढायचं, कारण बारावी पट्टी तारेच्या बरोबर मध्यावर असते. एक मिलिमीटर खाली हवं तर दोन मिलिमीटर. पेन्सिलीची रेघ मारा, काचेवर एमरी पेपर ठेवा, बूड काटकोनात राहील असं सावकाश घासा. वरची कड घासायची नाही, तिचा उतार आणि गोलाई सुरासाठी ठेवलेली असते. दुप्पट काढून सॅडल ब्रिजच्या वर जेमतेम उरणार असेल तर मात्र थांबा, तो दोष सॅडलचा नाही, मानेच्या कोनाचा आहे आणि ते काम दुरुस्तीवाल्याचं. सोबत बारा गेजच्या तारा काढून अकराच्या, म्हणजे जरा पातळ, लावा. एवढं करूनही वर्षभरानं हात तक्रार करत असतील तर खुशाल नवी घ्या.

गोवा. दर रविवारी चोर्ल्याचा घाट चढून-उतरून जाण्याला माझा विरोध आहे, आणि तो पैशासाठी नाही. तुम्ही सध्या ज्या टप्प्यावर आहात तिथं गुरू आठवड्याला जे सांगेल ते हेच, की अंगठा सांभाळा. त्यासाठी सुट्टीचा दिवस बसमध्ये कशाला घालवायचा? तीन महिन्यांतून एकदा कुणाही चांगल्या गिटारवाल्याला हात दाखवा, रॅगटाइमवाला नसला तरी चालेल. मनगट वाकडं पडतंय का, खांदा वर चढतोय का, एवढं बघायला सांगा. मोबाइल टेबलावर टेकवून उजव्या हाताचं चित्रीकरण करत जा. स्वतःची चूक वाजवताना दिसत नाही, बघताना लगेच दिसते.

उरला शेवटचा प्रश्न, ‘आपलं नव्हेच ते’. हे वाक्य वडिलांचं आहे की तुमचं, ते मला पत्रावरून नीट कळलं नाही. ‘टिंगटिंग’ वडिलांचं आहे. बाकीचं तुम्ही स्वतःच जोडलंत अशी मला शंका आहे.

भजनातली पेटी कुठली? युरोपातून आली. आकाशवाणीनं १९४० मध्ये तिला दारं बंद केली होती, हे आपल्या संगीतातलं नव्हे म्हणून, आणि ती बंदी तीसेक वर्षं टिकली. तोवर भजनी मंडळं पेटीवर गात राहिली. आपल्या भागात तर आपलं-परकं याचा हिशोब मांडायला बसूच नये. सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व आणि गदगचे भीमसेन जोशी, दोघांचीही घरची भाषा कन्नड आणि दोघांनाही मराठी माणूस आपलेच म्हणतो.

माझं स्वतःचं या संगीताशी नातं जुळलं ते एका वासामुळं. ब्लाइंड बॉय फुलर आणि गॅरी डेव्हिस १९३० च्या दशकात उत्तर कॅरोलायनातल्या डरहॅम गावी वाजवत. डरहॅम म्हणजे तंबाखूचं गाव. वखारींबाहेर, कामगारांच्या हातात पैसे असतील अशा वेळी, रस्त्यावर उभं राहून वाजवायचं. बरोबर पियानो नाही, ढोल नाही, एकट्यानं सगळा बाजा उभा करायचा. म्हणून पियानोवाल्याच्या डाव्या हाताचं काम अंगठ्यानं घेतलं आणि उजव्याचं बोटांनी. मी हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं आमच्या निपाणीच्या वखारी आल्या, सुट्टी झाल्यावर लुगड्याला तंबाखूची भुकटी झटकत बाहेर पडणाऱ्या बायका आल्या. वंशभेदाच्या कायद्याखाली भरडलेल्या काळ्या माणसांचं हे संगीत आहे, ते मी माझं म्हणत नाही. पण ते कशासाठी असं घडलं ते मला कळतं, आणि प्रेसमध्ये बोट दिलेल्या माणसाला ते माझ्याहून जास्त कळत असणार.

वडिलांना मात्र यातलं काही पटवायला जाऊ नका. ‘अप्पा, हे आपल्या भजनासारखंच आहे’ असं तर मुळीच नको. ते तसं नाही, आणि पखवाज वाजवणाऱ्या माणसाला ते पहिल्या मिनिटात कळेल. रॅगचा आपल्या रागाशीही संबंध नाही, रॅग म्हणजे फाटकी, उसवलेली लय. त्यापेक्षा त्यांच्याकडं काम घेऊन जा. भजनी ठेका आठ मात्रांचा. तुमच्या अंगठ्याचे आठ आघात म्हणजे एका कॉर्डचा मुक्काम. त्यांना एवढंच म्हणा, की माझी लय पळतेय, दहा मिनिटं टाळ धरता का? मत विचारू नका, टाळ मागा. मंडळात आयुष्य घालवलेला माणूस कुणाची लय पळताना बघून गप्प बसू शकत नाही. ते ‘थांब, कुठं पळूलास?’ म्हणून ओरडतील. ओरडू देत. मेट्रोनोमची टिकटिक माणूस कानाआड करू शकतो, बापाच्या हातातला टाळ नाही. त्यांना तुमचं वादन आवडेल की नाही हे मी सांगू शकत नाही, आणि त्यावर तुमचं शिकणं अडवून ठेवायचंही कारण नाही.

ते ‘नाही’ म्हणाले तर माग आहेच.

राहिलं एक. तुमचं पत्र ऐन जुलैत आलंय. आपल्याकडच्या पावसात गिटारीचं लाकूड ओल धरून फुगतं, ब्रिजखालची लाकडी पाटी वर येते आणि तारा आपोआप उंच होतात. आत्ता मोजून सॅडल घासलीत तर डिसेंबरच्या कोरड्या हवेत पाटी खाली बसेल आणि तारा पट्ट्यांवर खरखरायला लागतील. फीलर गेज आज लावा आणि आकडे लिहून ठेवा. एमरी पेपर दिवाळीनंतर.